मिशनची भाकर आणि गावकुसाबाहेरचा माणूस

मराठवाड्यातील दलित चळवळीचा इतिहास सांगताना आपले कार्यकर्ते बहुधा १९३५ च्या येवले परिषदेपासून आरंभ करतात, १९५६ च्या नागपूरला येतात आणि तेथून १९७८ च्या नामांतर आंदोलनापर्यंत एका दमात पोचतात. या वाटेवरचा एक मुक्काम हमखास सुटतो. तो मिशनचा. मिशन म्हटले की आपल्या मनात दोनच प्रतिमा उभ्या राहतात. एक, गोऱ्या साहेबाने गरिबांना पोटाला घालून बाटवले ही सवर्णांनी प्रचारात आणलेली. दुसरी, मिशनऱ्यांनी आम्हाला शिकवले, औषध दिले, माणसांत आणले ही मिशनच्याच अहवालांनी रूढ केलेली. या दोन्ही प्रतिमांत एक साम्य आहे. दोहोंतही महार-मांग माणूस फक्त घेणारा आहे. त्याला धान्य दिले जाते, धर्म दिला जातो, औषध दिले जाते. तो स्वतः काय करतो, काय मागतो, कशाला नकार देतो याची नोंद कोठेच नाही. ही नोंद करणे हे आता आपले काम आहे.

तुळजापूर तालुक्यातील जळकोट हे गाव नळदुर्गच्या पुढे उमरग्याच्या वाटेवर, सोलापूर-हैदराबाद हमरस्त्याला लागून आहे. तेथे उभे राहून चारी दिशांना पाहिले तर दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा हा इतिहास जणू वेढा घालून बसलेला दिसतो. पश्चिमेला सोलापूर, तेथे १८६० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे पडले. पूर्वेला बीदर, तेथे मेथडिस्टांचे मिशन. उत्तरेला दूर जालना. तेथे स्कॉटिश फ्री चर्चचे काम. वायव्येला भूम-परंड्याच्या पलीकडे जामखेड. तेथे १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने ग्रामीण आरोग्याचे काम सुरू केले. मधला हा मुलूख मात्र निजामी राजवटीचा, कोरडवाहू जमिनीचा, आणि बलुत्याच्या व्यवस्थेत घट्ट बांधलेला.

बलुत्याचा उल्लेख सहज केलेला नाही. मिशनची भाकर समजायची तर आधी गावची भाकर समजली पाहिजे. महारांना बावन्न हक्क बीदरच्या बादशहाने दिले ही आख्यायिका या भागात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. ती ऐतिहासिक आहे की नाही हा प्रश्न येथे गौण आहे. महार माणूस ती का सांगत होता, हा खरा प्रश्न आहे. येसकर संध्याकाळी दारोदार भाकरी मागत फिरे तेव्हा तो भीक मागतो असे त्याला वाटत नव्हते. तो आपला हक्क उचलतो असे त्याला वाटत होते. ही भाकर शिळी होती, वरून टाकलेली होती, तिच्यासाठी मेलेले ढोर ओढावे लागे, सरकारी टपाल वाहावे लागे, पाटलाच्या घोड्यापुढे धावावे लागे. पण ती हक्काची आहे या समजुतीवर त्याचा उरलासुरला ताठा टिकून होता. या माणसापुढे जेव्हा मिशनची भाकर आली तेव्हा ती एका अर्थाने स्वच्छ होती, कारण तिच्यामागे मेलेले ढोर नव्हते. परंतु ती हक्काची नव्हती. ती दयेची होती. गावाच्या हक्कात अवमान आणि मिशनच्या दयेत उपकार, या दोन भाकरींच्या मध्ये आपला पूर्वज उभा होता.

अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले ते १८१३ साली. नगरला त्यांचे ठाणे १८३१ मध्ये झाले आणि तेथूनच १८४२ साली 'ज्ञानोदय' निघू लागले. आरंभी त्यांची नजर महारवाड्याकडे नव्हती. वरची माणसे आधी जिंकली की खालची आपोआप येतील असा हिशोब होता. स्कॉटिश मिशनने मुंबईत, पुण्यात शाळा काढल्या, त्यांत ब्राह्मण, प्रभू, पारशी मुले शिकली. जोतीराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले आणि नगरला फॅरारबाईंची मुलींची शाळा पाहून आल्यावर त्यांनी १८४८ साली पुण्यात आपली शाळा काढली, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु फुल्यांनी मिशनकडून शाळा घेतली, धर्म घेतला नाही. ही निवड करण्याची ताकद त्यांच्याजवळ होती. महारवाड्यातल्या माणसाजवळ ती कितपत होती?

ती होती, याचा एक पुरावा १८५५ सालचा आहे. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय'च्या फेब्रुवारी आणि मार्चच्या अंकांत छापून आला. वेद ब्राह्मणांचे असतील तर आमचा धर्म कोणता, हा प्रश्न एका चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीने जाहीरपणे विचारला. तो छापला मिशनच्या पत्राने. तेथे मिशनने तिला काही दिले असेल तर ती छापखान्यातली जागा. प्रश्न तिचा होता. मिशनने आपल्याला दिलेल्या गोष्टींत सर्वांत मोलाची मला ही जागा वाटते. धान्याचे पोते रिकामे होते, छापलेला प्रश्न राहतो.

पुढे दुष्काळ आले. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ सोलापूर, नगर, विजापूर या पट्ट्याने भोगला. सर रिचर्ड टेंपलने दुष्काळी कामावरच्या मजुराचे धान्य दिवसाला एक पौंडावर आणले आणि त्याविरुद्ध मजुरांनी कामे सोडली, हा इतिहास पुणे सार्वजनिक सभेच्या कार्याच्या संदर्भात नेहमी सांगितला जातो. त्या दगड फोडणाऱ्यांत महार-मांग किती होते याची मोजदाद तेथे सापडत नाही. पण दुष्काळाच्या आणि त्यानंतरच्या वर्षांत नगर भागात महारांनी मोठ्या संख्येने बाप्तिस्मा घेतला. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांत आणि गुजरातेतून उपाशी मुली, विधवा आणून केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये सांभाळल्या.

यावर तेव्हाच्या सुशिक्षितांचा आक्षेप ठरलेला होता : हे पोटासाठी बाटले. हा आक्षेप आजही ऐकू येतो आणि दुर्दैवाने आपल्यातले काहीजण तो ख्रिस्ती झालेल्या आपल्याच भावकीबद्दल उच्चारतात. त्यांना विचारले पाहिजे की पोट ही काय लाजेची गोष्ट आहे? ज्या धर्माच्या विहिरीवर पाणी मिळत नव्हते, ज्याच्या पेवातले धान्य दुष्काळात बाहेर निघत नव्हते, त्या धर्मात उपाशी मरणे म्हणजे निष्ठा आणि जगण्यासाठी बाहेर पडणे म्हणजे लालूच, हा न्याय कोणाच्या सोयीचा आहे? शिवाय नुसत्या पोटासाठीच हे असते तर दुष्काळ सरल्यावर सगळे परत फिरले असते. ख्रिस्ती झालेल्या महाराने गावकीची कामे नाकारली की गाव त्याचे बलुते तोडी, त्याला वाळीत टाकी. म्हणजे धर्मांतराने भाकर मिळत होती तशी जातही होती.

आता जालन्याकडे वळू, कारण मराठवाड्याच्या दृष्टीने हे प्रकरण सर्वांत बोलके आहे आणि आपल्या लिखाणात त्याला जागाच मिळालेली नाही.

नारायण शेषाद्री हा ब्राह्मण तरुण मुंबईत स्कॉटिश मिशनच्या संस्थेत शिकला आणि १८४३ साली ख्रिस्ती झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, वयाने अगदी लहान, तोही मिशनऱ्यांकडे राहिला. बापाने फिर्याद केली आणि कोर्टाने मुलगा बापाच्या स्वाधीन केला. पुढचा प्रश्न असा की ख्रिस्त्यांच्या घरी जेवलेल्या या मुलाला जातीत परत घ्यायचे की नाही. त्यावरून मुंबईत आणि मुंबईबाहेर रण माजले. बाळशास्त्री जांभेकरांनी त्या मुलाच्या शुद्धीचा पक्ष घेतला आणि सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. महाराष्ट्राच्या प्रबोधनाच्या इतिहासात हे प्रकरण मानाने सांगितले जाते. बाळशास्त्र्यांचे धैर्य मला अमान्य नाही. पण एका ब्राह्मण मुलाने परक्या ताटात जेवल्याबद्दल एवढी शास्त्रे उलथीपालथी झाली, त्याच काळात मांगाच्या मुलाला गावच्या पाण्याला हात लावता येत नव्हता आणि त्याबद्दल एकाही शास्त्र्याला शास्त्र उघडावेसे वाटले नाही. प्रबोधनाची ही मोजपट्टी लक्षात ठेवलेली बरी.

नारायण शेषाद्रींना १८५४ मध्ये पाळकाची दीक्षा मिळाली. पुढे त्यांनी जालना हे आपले कार्यक्षेत्र केले. जालना निजामाच्या राज्यात, पण तेथे हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. या भागात त्यांच्याकडे आले ते मुख्यतः मांग. गावाने यांना टिकू दिले नसते, म्हणून त्यांच्यासाठी वेगळे गावच वसवायचे ठरले. निजामाचे दिवाण सर सालारजंग यांनी जमीन दिली आणि जालन्याजवळ 'बेथेल' नावाची वसाहत उभी राहिली. तेथे शेती होती, विहिरी होत्या, शाळा होती, चर्च होते. १८७३ साली शेषाद्री न्यूयॉर्कच्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेला गेले तेव्हा त्यांच्या पगडीचे आणि पोशाखाचे अमेरिकेत मोठे कौतुक झाले. १८९१ मध्ये ते वारले.

या घटनेचा अर्थ कसा लावायचा? एक अर्थ सरळ आहे. ज्या मांगाला गावात स्वतःची विहीर नव्हती त्याला बेथेलमध्ये विहीर मिळाली. ज्याला चोर म्हणून हजेरीला उभे केले जाई तो तेथे शेतकरी म्हणून उभा राहिला. ही क्रांतीच होती आणि ती १९३५ च्या साठ-पासष्ट वर्षे आधी मराठवाड्याच्या मातीत झाली. आपण तिला आपल्या इतिहासात जागा दिली नाही, कारण ती करणारे ख्रिस्ती झाले होते, शिवाय ते मांग होते. या दुसऱ्या कारणाबद्दल आपल्या चळवळीने स्वतःला काही प्रश्न विचारायला हवेत.

दुसरा अर्थ अडचणीचा आहे. बेथेलमध्ये देणारा ब्राह्मण होता, जमीन नबाबाची होती, पैसा स्कॉटलंडचा होता. न्यूयॉर्कच्या सभेत पगडीला टाळ्या पडल्या. ज्यांच्या घामावर ती वसाहत उभी राहिली त्या मांगांची नावे किती जणांना सांगता येतील? नारायण शेषाद्रींचे चरित्र कोशांत मिळते, बेथेलच्या पहिल्या कुळाचे मिळत नाही. आणखी एक गोष्ट. बेथेलने मांगाला गावातून उचलून बाहेर नेले, पण गाव होते तसेच राहिले. जालन्याच्या परिसरातल्या शेकडो गावांच्या वेशी, विहिरी, पाणवठे यांना बेथेलमुळे धक्का लागला नाही. धर्मादायाचा हा स्वभावच आहे. तो पीडिताला पीडेपासून बाजूला घेतो, पीडा देणाऱ्याला हात लावत नाही.

मिशनचे हे काम पाहून हिंदूंतल्या सुधारकांनाही जाग आली. विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ साली मुंबईत मिशन काढले, त्याचे मराठी नाव 'निराश्रित साह्यकारी मंडळी'. शिंद्यांची तळमळ खरी होती, शाळा-वसतिगृहांचे काम मोठे होते. पण नाव पाहा. गावाचे सगळे काम ज्यांच्या खांद्यावर होते त्यांना 'निराश्रित' म्हटले गेले. खरे म्हणजे गाव त्यांच्या आश्रयाने चालत होते.

या सगळ्या भूतदयेचा हिशोब प्रथम कोणी मांडला असेल तर तो बाबासाहेबांनी. येवल्याच्या घोषणेनंतर सर्व धर्मांचे प्रतिनिधी त्यांच्याभोवती फिरू लागले, त्यांत ख्रिस्ती बिशपही होते. १ जानेवारी १९३८ रोजी सोलापुरात ख्रिस्ती समाजाच्या सभेत बाबासाहेबांचे भाषण झाले. ते पुढे 'जनता'त आले. जळकोटपासून सोलापूर एका सकाळच्या अंतरावर आहे. त्या दिवशी बाबासाहेब जे बोलले त्याचा आशय असा. जगातील धर्मांच्या अभ्यासात बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तींनी आपले मन ओढून घेतले, हे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. ख्रिस्ती समाजासमोर गोड बोलून ते थांबले असते तर टाळ्या मिळाल्या असत्या. परंतु त्यांनी पुढे सुनावले की दक्षिणेकडे चर्चमध्येही जातिभेद पाळला जातो. महाराचा मुलगा ख्रिस्ती झाला की त्याची शिष्यवृत्ती जाते, मग आर्थिक लाभ तो कोणता. आणि ख्रिस्ती समाज राजकारणात मागे आहे, सामाजिक अन्याय दूर करण्यासाठी समाज म्हणून तो कधी लढलेला नाही.

हा शेवटचा मुद्दा कळीचा आहे. बाबासाहेबांनी ख्रिस्ती धर्माची तत्त्वे नाकारली नाहीत. ख्रिस्ती समाजाची निमूटपणाची सवय त्यांना खटकली. ही सवय कोठून आली? मला वाटते ती मिशनच्या आवारातून आली. शाळा मिशनची, नोकरी मिशनची, घर मिशनच्या जागेत, आजारपणात दवाखाना मिशनचा. पाळक, मास्तर, बायबलबाई, नर्स हे सगळे मिशनचे पगारी. ज्याच्या हातून सर्व मिळते त्याच्याशी भांडता येत नाही, आणि मिशनला सरकारशी, गावाशी सलोखा हवा होता, म्हणून गावाशीही भांडता येत नाही. चवदार तळ्याला १९२७ साली जो माणूस ओंजळ भरायला गेला त्याच्या पाठीशी कोणाचा पगार नव्हता. आवारातला माणूस सुखी होता असे नव्हे, पण त्याचे दुःख आवाराच्या भिंतीआड होते.

बाबासाहेबांच्या मृत्यूनंतर, १९८९ मध्ये, महाराष्ट्र शासनाने त्यांच्या इंग्रजी लेखनाचा जो पाचवा खंड काढला त्यात ख्रिस्ती धर्मांतरितांवरचे त्यांचे लेख आहेत. त्यांत त्यांनी मिशनच्या खर्चाकडे बोट दाखवले आहे. कॉलेजे आणि इस्पितळे यांवर एवढा पैसा जातो, पण त्यांचा लाभ मुख्यतः सवर्ण हिंदू घेतात. ज्यांनी धर्म स्वीकारला त्या गरीब ख्रिस्त्यांच्या वाट्याला त्यातले थोडेच येते, असा त्यांचा रोख आहे. मिशनच्या कॉलेजांतून शिकून गेलेल्या नामवंतांची यादी करा, त्यांत महारवाड्यातले, मांगवाड्यातले किती भरतात ते पाहा. बाबासाहेबांचे म्हणणे पटायला दुसरा पुरावा लागत नाही.

शिष्यवृत्तीबद्दल सोलापुरात व्यक्त झालेली भीती स्वतंत्र भारतात कायदा होऊन आली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यात घेतले गेले. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. सुसई नावाच्या एका ख्रिस्ती चांभाराचे प्रकरण १९८५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आले होते. मद्रासच्या रस्त्याकडेला बसून चपला शिवणाऱ्यांना सरकारी योजनेतून फुकट टपऱ्या दिल्या जात होत्या. याला ख्रिस्ती म्हणून नाकारली गेली. न्यायालयाने सांगितले की ख्रिस्ती झाल्यावरही जातीमुळे तशीच पीडा राहते हे पुराव्याने दाखवले पाहिजे, आणि तसे पुरेसे दाखवले गेलेले नाही. आरी तीच, चामडे तेच, रस्ता तोच. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये धर्माची अट काढावी अशी शिफारस केली, ती अमलात आली नाही. २०२२ साली माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा नवा आयोग नेमला गेला. बौद्धांना १९९० पर्यंत जी झळ सोसावी लागली ती ध्यानात असेल तर या प्रश्नावर आपली संघटना गप्प का, हे कोणीतरी समजावून सांगावे. वाटेकरी वाढतील ही भीती असेल तर ती उघड बोलावी.

आता १९७२. त्या वर्षीचा दुष्काळ मराठवाड्यातील ज्येष्ठांच्या अजून जिभेवर आहे, कारण त्या वर्षी त्यांनी अमेरिकेचा मिलो खाल्ला आणि खडी फोडून सुकडी खाल्ली. ख्रिस्ती संस्थांनी त्या काळात धान्य वाटले, कामाच्या बदल्यात धान्य देऊन विहिरी खोदल्या. याच वर्षी परभणी जिल्ह्यातील ब्राह्मणगावी विहिरीच्या पाण्यावरून दलित स्त्रियांची विटंबना झाली आणि अशाच घटनांच्या संतापातून मुंबईत दलित पँथर उभी राहिली. दुष्काळ सगळ्यांचा होता, पण पाणी सगळ्यांचे नव्हते.

त्याच दुष्काळात, जामखेड तालुक्यात, एक वेगळा प्रयोग झाला. डॉ. रजनीकांत आरोळे नगर जिल्ह्यातले, शिक्षकाच्या घरातले. डॉ. मेबल जबलपूरच्या. दोघांचे वैद्यकीय शिक्षण वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात झाले. १९६० च्या दशकात नेवासे तालुक्यातल्या वडाळा मिशनच्या दवाखान्यात त्यांनी काम केले. तेथे त्यांच्या लक्षात आले की आज बरे करून पाठवलेले मूल उद्या त्याच रोगाने परत येते. अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ते परतले आणि १९७० मध्ये जामखेडला गुरांच्या जुन्या दवाखान्याच्या जागेत त्यांनी काम सुरू केले.

बोअरिंग घ्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी एक युक्ती केली. भूगर्भतज्ज्ञाला विश्वासात घेऊन पाण्याच्या जागा शक्यतो दलित वस्तीत धरल्या. पंप तेथे बसला. आता पाणी हवे तर गावाने महारवाड्यात यावे. आले. तहान लागल्यावर विटाळ किती टिकतो हे तेथे दिसले. युगानुयुगे पाण्यासाठी वरच्यांच्या ओंजळीकडे पाहणारी बाई आपल्या दारातल्या पंपावर पाटलाच्या सुनेला घागर भरताना पाहू लागली. येथे नेहमीची दिशा उलटी झाली. बेथेलने माणूस गावाबाहेर नेला होता. जामखेडला गाव माणसाच्या दारी आले.

दुसरी गोष्ट आरोग्यसेविकांची. आधी शिकलेल्या नर्सबाई खेड्यात ठेवून पाहिल्या, पण त्या गावात राहीनात. मग गावानेच एक बाई निवडावी असे ठरले. अशा निवडल्या गेलेल्या बायांत पुष्कळ निरक्षर होत्या, अनेक दलित होत्या, काही नवऱ्याने टाकलेल्या होत्या. त्या आठवड्याला जामखेडला येत, एकत्र जेवत, एका गोधडीत दोघी झोपत. उच्च जातीच्या आणि खालच्या म्हटल्या जाणाऱ्या माणसाच्या छातीचे एक्स-रे शेजारी ठेवून त्यांना विचारले जाई, यातला कोणाचा कोणता ते सांगा. या बाईने गावात परत जाऊन बाळंतपण केले, जुलाबाच्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी पाजले, कुष्ठरोग्याच्या अंगावरचा चट्टा ओळखला. जिच्या सावलीचा विटाळ होता तिच्या हातात पाटलाचे नातवंड पहिल्यांदा रडू लागले. त्या पंचक्रोशीत हजारी १७६ च्या आसपास असलेला बालमृत्यूचा आकडा पुढल्या काही वर्षांत झपाट्याने खाली आला. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने लोकांच्या हाती आरोग्य या विषयावर काढलेल्या पुस्तकात जामखेडवर प्रकरण होते. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

या प्रकल्पाला पैसा परदेशातून, ख्रिस्ती संस्थांकडूनही आला. आरोळे दांपत्य श्रद्धेने ख्रिस्ती होते आणि ते लपवत नव्हते. पण औषधाच्या बदल्यात कोणाचा धर्म मागितला नाही. मला त्यापेक्षा महत्त्वाचे हे वाटते की त्यांनी दलित बाईला घेणारी न ठेवता देणारी केले. तिच्याजवळ ज्ञान दिले आणि गावाला तिच्याकडे हात पसरायला लावले.

तरीही जामखेडचे गोडवे गाताना थांबले पाहिजे. पंप दलित वस्तीत आला, सातबारा आला नाही. बाळंतपण दलित बाईच्या हातून झाले म्हणून मजुरीचा दर वाढला नाही. त्याच जामखेड तालुक्यात खर्डा गावी २०१४ साली एका सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्याचा खून झाला. सवर्ण मुलीशी बोलल्याचा राग हे कारण सांगितले गेले. २०१७ मध्ये सेशन कोर्टातून सर्व आरोपी सुटले. आरोग्याने गाव बदलते हे खरे, पण ज्या जागी गावाची सत्ता बसलेली असते तेथपर्यंत आरोग्य पोचत नाही. जळकोटजवळ अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्याच बायांना 'भारतवैद्य' म्हणून शिकवले. ती संस्था ख्रिस्ती नव्हे, परंतु वाट तीच होती, आणि त्या वाटेची मर्यादाही तीच आहे.

या मुलखावर शेवटची मोठी मदत कोसळली ती १९९३ साली. ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावे जमीनदोस्त केली. जळकोटच्या पूर्वेला, तेव्हाच्या उमरगा तालुक्यातले सास्तूर त्यांतलेच. आठ ते दहा हजार माणसे गेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरची मातीची माळवदे यांनी लोकांना चिरडले. ज्यांच्याजवळ पत्र्याचे वा कुडाचेच घर होते ते तुलनेने वाचले. इतिहासात एकदाच गरिबीने जीव वाचवला. देशातून, परदेशातून संस्था आल्या, त्यांत ख्रिस्ती संस्था होत्या, जैन होत्या, कोणत्याही धर्माच्या नसलेल्याही होत्या. कंबले आली, भांडी आली, तंबू आले. नामविस्तार अजून झालेला नव्हता. तो पुढल्या १४ जानेवारीला झाला. १९७८ ला ज्यांची घरे जाळली गेली होती आणि ज्यांनी ती जाळली होती, ते दोघेही त्या हिवाळ्यात मदतीच्या एकाच रांगेत उभे होते.

मग बावन्न गावे नव्या जागी वसवायचे ठरले. जागतिक बँकेचे कर्ज आले, आराखडे झाले, आखीव रस्ते झाले. प्रत्येक कुटुंबाला पक्के घर द्यायचे होते. किती मोठे द्यायचे याचे माप सरकारने जमिनीवरून ठरवले. सात हेक्टरांहून अधिक जमीन असलेल्याला साडेसातशे चौरस फूट. एक ते सात हेक्टरवाल्याला चारशे. भूमिहीनाला आणि हेक्टरभराच्या आतल्याला अडीचशे.